हसू, सलाम आणि बादलीभर पाणी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता. शाळा सुटल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी दारात येऊन उभी राहिली. मुलगा सप्टेंबरात रशियातील कझान शहरी डॉक्टरकी शिकायला गेला होता. घरचे दागिने मोडून, वर कर्ज काढून त्याला पाठवले होते. निघताना अर्ध्या मोहल्ल्याने गळ्यात हार घातले होते.

"टीचर, तुम्हीच त्याला समजवा," बाई बसायच्या आतच बोलू लागल्या. "रोज रात्री फोन करतो आणि रडतो. परत येतो म्हणतो."

"अभ्यास जमत नाही का?"

"अभ्यासाचं काही बोलत नाही. थंडीचंही नाही. म्हणतो, अम्मी, इथे कोणी हसतच नाही."

खरे सांगायचे तर आम्हाला त्या क्षणी हसू आले. एवढ्याशा कारणासाठी कोणी डॉक्टरकी सोडते का? पण बाईंचा चेहरा पाहिला आणि आम्ही हसू आवरले. डोक्यावर कर्ज, मुलगा हजारो मैलांवर आणि तो म्हणतोय की इथे कोणी हसत नाही. त्यांच्या दृष्टीने हा घर बसण्याचाच प्रश्न होता.

रविवारी आम्ही त्याला फोन लावला. तो बराच वेळ बोलला. दुकानातली बाई सामान देते, पण मान वर करून पाहत नाही. पैसे हातात घेत नाही, समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायला लावते. बसची कंडक्टर तोंड वाकडे करून तिकीट फाडते. वसतिगृहाच्या दारावर एक म्हातारी बसते, ती रोज येता-जाता ओळखपत्र मागते आणि दगडासारखा चेहरा करून परत देते. एकदा रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाकडे पाहून हा सवयीने हसला, तर त्याने थांबून विचारले, "काय झालं? माझ्यात हसण्यासारखं काय आहे?"

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "टीचर, आपण मुसलमान आहोत म्हणून असेल का?"

आम्ही म्हणालो, "अरे, त्या शहरात निम्मे लोक तातार आहेत आणि तातार लोक मुसलमान आहेत. तू मशिदीत जात नाहीस का?"

"जातो ना. जुम्याला जातो. तिथेही कोणी हसत नाही."

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. "सब्र कर, आम्ही विचार करून सांगतो," एवढेच बोलून फोन ठेवला. मग जे वाचले, जे समजले, ते त्याला हळूहळू सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण हल्ली आपल्या अनेक घरांतली मुले-मुली परदेशी शिकायला, नोकरीला जात आहेत. आणि जी जात नाहीत त्यांनाही चेहरे वाचावेच लागतात.

पहिली गोष्ट कझानची. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते की वोल्गा नदीच्या त्या मुलुखात इस्लाम फार जुना आहे. तिथल्या बल्गार राज्याने इ.स. 922 मध्ये इस्लाम स्वीकारला. पुढे 1552 मध्ये रशियाचा राजा चौथा इव्हान याने कझान जिंकले आणि तिथली मोठी मशीद उद्ध्वस्त झाली. त्याच किल्ल्यात आज निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद उभी आहे. ती 2005 मध्ये खुली झाली. म्हणजे आमचा विद्यार्थी काही परक्या दीनाच्या लोकांत जाऊन पडला नव्हता. कलमा तोच, किब्ला तोच. पण चेहऱ्याची रीत वेगळी होती. ती रीत रशियन आणि तातार शेजाऱ्यांनी शतकानुशतके एकत्र राहून एकमेकांत वाटून घेतलेली आहे. धर्म एक असला तरी हसण्याची भाषा एक असतेच असे नाही, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट रशियन हसण्याची. वोरोनेझ येथील भाषाशास्त्रज्ञ इओसिफ स्टेर्निन यांनी या विषयावर लिहिले आहे. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा, की रशियन माणसाच्या दृष्टीने हसू हे सभ्यतेचे चिन्ह नाही. ते आवडीचे, ओळखीचे चिन्ह आहे. अनोळखी माणसाकडे पाहून हसायचे नसते. हसायला कारण लागते आणि ते कारण समोरच्यालाही कळायला लागते. विनाकारण हसणे हे मूर्खपणाचे लक्षण आहे, अशा अर्थाची म्हण तिथे मुलांना लहानपणापासून ऐकवतात. कामावर असताना तर गंभीरच राहायचे, कारण काम ही गंभीर गोष्ट आहे. गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरत्या हसण्याला तिथे 'ड्युटीवरचे हसू' अशा अर्थाचा शब्द आहे आणि तो काही स्तुतीचा शब्द नाही.

31 जानेवारी 1990 रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात मॅकडोनाल्डचे पहिले उपाहारगृह उघडले, तेव्हा तिथल्या तरुण नोकरांना गिऱ्हाइकाकडे पाहून हसण्याचे शिक्षण द्यावे लागले. 2018 साली फुटबॉलचा विश्वचषक रशियात भरला, तेव्हा परदेशी पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना हसायला शिकवण्याचे वर्ग घेतले गेले. आपल्याला गंमत वाटते. पण जरा उलट विचार करा. उद्या आपल्या मुलांना कोणी सांगितले, की पाहुणे येणार आहेत, तेव्हा आठवडाभर कोणीही हसायचे नाही, तर आपला वर्गही तितकाच अवघड होईल.

मग अमेरिकेतला माणूस लिफ्टमध्ये, दुकानात, रस्त्यावर सगळ्यांकडे पाहून का हसतो? 2015 मध्ये काही संशोधकांनी याचे एक कारण मांडले. ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत अनेक मुलुखांतून लोक येऊन वसले, तिथे भावना उघड दाखवण्याची रीत जास्त आढळते. जिथे एकाच मुळाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तिथे ती कमी. हे समजण्यासारखे आहे. शेजारी कोणत्या देशाचा, काय बोलतो, हे कळत नसेल तेव्हा "माझ्यापासून तुला धोका नाही" हे सांगायला हसण्यासारखी सोपी भाषा दुसरी कोणती?

पण एवढ्याने सगळे सुटत नाही. आपली मुंबई पाहा. किती भाषा, किती प्रांत. तरी सकाळच्या लोकलमध्ये कोण कोणाकडे पाहून हसते? सगळे चेहरे बंद. आणि त्याच डब्यात तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने येऊन हाताने नुसती खूण केली, की तिघे न बोलता सरकतात. चौथा अर्धा-अर्धा टेकतो. हसणे नाही, 'या बसा' नाही, आभार नाहीत. पण जागा मिळते. आपणही हसू न दाखवता मैत्री दाखवतो, फक्त आपल्या ते लक्षात येत नाही.

दुसरे एक मोठे संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पोलंडचे कूबा क्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 44 संस्कृतींतील लोकांना हसऱ्या आणि न हसणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून विचारले, यातला प्रामाणिक कोण, हुशार कोण. पुष्कळ ठिकाणी लोकांनी हसऱ्या चेहऱ्याला कौल दिला. पण काही समाजांत हसरा माणूस कमी हुशार मानला गेला. आणि जिथे लाचलुचपत जास्त, तिथे हसऱ्या चेहऱ्यावरचा विश्वासही कमी आढळला. हे वाचून आम्ही थोडे थबकलो. जिथे लोक वारंवार फसवले गेलेले असतात, तिथे गोड हसणाऱ्याकडे लोक आधी संशयाने पाहतात. आपल्याकडेही जुनी माणसे म्हणतच असतात, की फार गोड बोलणाऱ्यापासून सांभाळून राहावे.

आखातात नोकरी केलेले लोक आपल्या कोकणातल्या घराघरांत आहेत. त्यांना विचारा. अरब माणूस हस्तांदोलनानंतर उजवा हात छातीवर ठेवतो, तब्येत विचारतो, घरच्यांची खुशाली विचारतो, पुन्हा तब्येत विचारतो आणि मग कामाचे बोलतो. ही त्याची मैत्रीची रीत. पण "तुमची बेगम कशी आहे?" असा प्रश्न, जो आपल्याकडे आपुलकीने विचारला जातो, तो तिथे बहुतेकांना खटकतो. घरच्यांची खुशाली विचारायची, पण मोघम. आपुलकी तीच, दरवाजा वेगळा.

आता दीन याबाबत काय सांगतो ते पाहू. कारण मुलाच्या अम्मीने आम्हाला नेमके हेच विचारले होते. "टीचर, हसणं सुन्नत आहे ना? मग तिथले मुसलमान का हसत नाहीत?"

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर नेहमी स्मित असे, हे अनेक सहाबांनी सांगितले आहे. हजरत जरीर (रजि.) सांगत, की इस्लाम स्वीकारल्यापासून प्रेषितांनी (स.) जेव्हा जेव्हा त्यांना पाहिले, तेव्हा तेव्हा स्मित केले. हजरत आयेशा (रजि.) यांच्या सांगण्यावरून हेही कळते, की ते खदाखदा हसत नसत, त्यांचे हसणे स्मिताचे असे. आणि तिर्मिजीतील ती हदीस तर आपल्याकडे मदरशातल्या लहान मुलांनाही पाठ असते, जिच्यात आपल्या भावाच्या समोर स्मित करणे हा सदका सांगितला आहे.

पण ही हदीस आपण बहुधा अर्धीच सांगतो. तिचा पुढचा भाग वाचा. त्यात आणखी कामे सदका म्हणून मोजली आहेत. चांगल्या गोष्टीस सांगणे आणि वाईटापासून रोखणे. वाट चुकलेल्याला वाट दाखवणे. ज्याला कमी दिसते त्याला मदत करणे. रस्त्यातला दगड, काटा, हाड बाजूला करणे. आणि शेवटी, आपल्या बादलीतले पाणी भावाच्या बादलीत ओतणे.

पाहिलेत? स्मित एकटे आलेले नाही. ते वाट दाखवण्याच्या आणि पाणी देण्याच्या रांगेत उभे आहे. आपण मात्र ती रांग मोडून स्मित तेवढे उचलले, कारण ते स्वस्त आहे. हसायला पैसे पडत नाहीत. बादली रिकामी करायची म्हटली की हात आखडतो.

आम्ही त्या मुलाला फोनवर हीच हदीस समजावली आणि म्हणालो, "बेटा, महिनाभर चेहऱ्यांकडे पाहू नकोस. हातांकडे पाहा. कोण काय करतो ते बघ. आणि खरोखर कोणी शिवी दिली, धक्का दिला, तर ती संस्कृती नव्हे. ते लगेच विद्यापीठात सांग, लपवू नकोस. पण नुसता चेहरा बंद असेल तर तो गुन्हा समजू नकोस."

जानेवारीत तो तापाने पडला. बाहेर उणे वीसच्या आसपास थंडी. दोन दिवस तो खाली उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. दारात ओळखपत्रवाली म्हातारी उभी. हातात गरम चहा आणि रास्पबेरीच्या मुरंब्याची बरणी. रशियात सर्दी-तापावर घरोघर हाच इलाज करतात. ती आत आली, कपाळाला हात लावला, खिडकीची फट कापडाने बंद केली, पातळ मोजे घालतोस म्हणून रागावली आणि गेली. हसली नाही. दोन दिवस तो ये-जा करताना दिसला नाही, एवढे तिच्या लक्षात होते. रोज ओळखपत्र पाहणारी ती बाई रोज त्याला मोजत होती.

मशिदीतही तसेच झाले. एका जुम्याला नमाजनंतर एक वृद्ध तातार गृहस्थ त्याच्याजवळ आले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या खुणांनी घरी जेवायला बोलावले. घरी गेल्यावर दारातच जोडे काढले, पायात घालायला सपाता दिल्या. दस्तरखानावर 'चक-चक' नावाची मधात घोळलेल्या तळलेल्या कणकेची मिठाई होती, जी तातार घरात पाहुण्याला मानाने देतात. आणि जेवणाच्या मध्यावर ते गृहस्थ हसले. मुलगा फोनवर सांगत होता, "टीचर, काय हसले! पूर्ण चेहऱ्याने हसले. तेव्हा कळलं की हे लोक हसू साठवून ठेवतात."

साठवून ठेवतात. हा शब्द आम्हाला आवडला. काही घरांत चांगली कपबशी रोज वापरतात, काही घरांत पाहुण्यासाठी कपाटात ठेवतात. कपबशी दोघांकडेही असते.

पण आता आमचीही एक चूक सांगायची आहे. दुसऱ्याचे चेहरे समजावून सांगणाऱ्या आम्हाला आमच्याच वर्गातला एक चेहरा वाचता आला नव्हता.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. तीन दिवस गृहपाठ आणला नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्याला उभे करून रागावलो. तो हसला. आम्ही आवाज चढवला. तो आणखी हसला. "हसतोस काय? लाज वाटत नाही?" असे म्हणून आम्ही त्याला पूर्ण तास वर्गाबाहेर उभे केले. दुपारी शाळेच्या शिपाई चाचांनी सांगितले, की त्याचे अब्बा चार दिवसांपासून दवाखान्यात आहेत, अम्मी तिकडे आणि हा दोन लहान बहिणींना सांभाळून शाळेत येतो.

तो आमच्यावर हसत नव्हता. तो घाबरला होता. मुले घाबरली, ओशाळली, रडू दाबू लागली की अनेकदा हसतात. ते हसू म्हणजे दयेची याचना असते. बीएडला बालमानसशास्त्र शिकलो, परीक्षा दिली, गुण मिळवले आणि ऐन वेळी तेच विसरलो. जपानबद्दल लाफकादियो हर्न या लेखकाने 1894 च्या आपल्या पुस्तकात 'जपानी स्मित' या विषयावर एक लेख लिहिला आहे. त्यात एक मोलकरीण नवऱ्याच्या मृत्यूची बातमी हसतमुखाने सांगते आणि परदेशी मालकिणीला ती निर्दयी वाटते. खरे तर आपल्या दुःखाचे ओझे समोरच्यावर पडू नये, म्हणून ती हसत असते. हे वाचताना आम्हाला जपान नव्हे, सातवीचा वर्ग आठवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा तसाच हसला. या वेळी आम्ही काही बोललो नाही.

वाचक भगिनींना आणखी एका बाबीविषयी सांगायचे आहे. ती म्हणजे मुलींचे हसणे. 'हसली म्हणजे फसली' असल्या अर्थाचे बोल गल्लीतली पोरे सर्रास बोलतात. त्याच्या भीतीने आया मुलींना सांगतात, बाहेर कोणाकडे पाहून हसू नकोस. त्यांची काळजी आम्ही समजतो. हया हा ईमानचा भाग आहे आणि ओळख नसलेल्या पुरुषाशी मोकळे हसणे-बोलणे आपल्या रीतीत बसत नाही. पण या सल्ल्यात एक बाजू राहून जाते. कुरआनमध्ये सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची ताकीद आली आहे, तिथे आधी ईमानवंत पुरुषांना सांगितले आहे, मग स्त्रियांना. आपण हा क्रम घरात पाळतो का? मुलीला दहा वेळा सांगतो. मुलाला एकदा तरी बसवून सांगतो का, की दुकानातली मुलगी, बँकेतली मुलगी, वर्गातली मुलगी सभ्यतेने हसली तर ते आमंत्रण नसते?

आणि ज्या बहिणी निकाब घालतात, त्यांच्याविषयी लोक म्हणतात की चेहराच दिसत नाही तर हसू कसे कळणार. याचे उत्तर फ्रान्सच्या दुशेन नावाच्या डॉक्टरने 1862 मध्येच देऊन ठेवले आहे. त्याने चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास करून दाखवले, की ओठांचे कोपरे आपण ठरवून वर नेऊ शकतो, पण मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहसा हुकमाने हलत नाही. म्हणजे खरे हसू डोळ्यांत असते. जपानी लोकही चेहऱ्यावरचा भाव ओळखताना तोंडापेक्षा डोळ्यांकडे जास्त पाहतात, असे 2007 च्या एका अभ्यासात दिसून आले. कोरोनाच्या काळात सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होते. तेव्हा आपणही डोळ्यांवरूनच ओळखत होतो ना, की समोरचा हसतोय?

डोळ्यांवरून आठवण झाली. सूरह अबसचा प्रसंग आपण सगळे जाणतो. मक्केचे मोठे सरदार समोर बसलेले असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) आले आणि प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी आली. ज्यांच्यासाठी आठी आली त्यांना ती दिसलीही नव्हती. तरी अल्लाहने त्यावर सूरह उतरवली आणि ती कयामतपर्यंत वाचली जाईल. एका गरजवंताच्या समोर आलेली, त्याला न दिसलेली एक आठी अल्लाहच्या दरबारात एवढी महत्त्वाची ठरली. मग आपल्या दारात कचरा न्यायला येणाऱ्या माणसासमोर, मदत मागायला आलेल्या विधवा बहिणीसमोर, गणित पुन्हा विचारणाऱ्या मुलासमोर आपल्या कपाळावर येणाऱ्या आठ्यांचे काय? सरदारांसमोर आपण सगळेच हसतो. चेहऱ्याची परीक्षा गरजवंतासमोर होते.

आणि घरात? दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाला "या शेठ, बसा शेठ" म्हणून हसणारा माणूस रात्री घरी येताना ते हसू गल्ल्यात कुलूप लावून येतो. आमच्यासारख्या शिक्षिका शाळेत पालकांशी गोड बोलतात आणि घरी लेकरांवर डाफरतात. आमच्या मुलीने एकदा विचारले होते, "अम्मी, तू शाळेतल्या मुलांची पण अम्मी असतेस का? तिथे चांगली वागतेस." ती चिडून बोलली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आम्हाला उत्तर देता आले नाही.

गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. पुढच्या जुलैत तो मुलगा सुट्टीवर आला. आठवडाभरात मोहल्ल्यात कुरबुर सुरू झाली. "अजून डॉक्टर झाला नाही, तोच ताठा आला. समोरून जातो, पण हसत नाही." त्याची अम्मी पुन्हा आमच्याकडे. या वेळी ती स्वतःच हसत होती. दहा महिन्यांत मुलाचा चेहरा कझानचा झाला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. आम्ही त्याला सांगितले, "बेटा, जिथे जाशील तिथली भाषा बोल. तिथे रशियन बोलतोस, इथे मराठी बोलतोस. चेहऱ्याचंही तसंच." दुसऱ्या दिवसापासून तो बाजारात सगळ्यांना सलाम करू लागला. ज्यांना ओळखतो त्यांना आणि ज्यांना ओळखत नाही त्यांनाही, जसे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. परत जाताना म्हातारीसाठी त्याने अम्मीच्या हातच्या नारळाच्या वड्या नेल्या. आता तो तिसऱ्या वर्षात आहे.

आम्ही शिक्षक, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. या महिन्यात तीन गोष्टी करून पाहा. एक, ज्याचा चेहरा नेहमी बंद वाटतो अशा एका शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपण होऊन खुशाली विचारा आणि उत्तरात हसू आले नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. दोन, घरात पाऊल टाकताना सलाम करा आणि तो फोनकडे पाहून नव्हे, चेहऱ्याकडे पाहून करा. तीन, जिथे जिथे हसून वेळ मारून न्यायची सवय आहे, तिथे एकदा तरी हसण्याबरोबर बादलीही पुढे करा.

अल्लाह आपल्या चेहऱ्यांना नरमी देवो, हातांना देण्याची सवय देवो आणि परदेशी असलेल्या आपल्या सगळ्या लेकरांना चांगले शेजारी देवो. आमीन.